मक्नसाच्या पावसात इन्शिराहची परीक्षा

इन्शिराहनं तो कागद माझ्यासमोर नाचवला तेव्हा मी ट्रामच्या पोटाखाली उताणा पडलो होतो आणि माझ्या तोंडात दोन बोल्ट होते.

"अम्म फरगली, वाच. मोठ्यानं वाच."

मी फरगली, आगाराचा मिस्त्री, आणि अम्म म्हणजे काका. तोंडात बोल्ट आहेत असं मी सांगितलं, म्हणजे तसं काहीतरी पुटपुटलो.

"मग थुंक ते!"

थुंकले. कागद आमच्या आगाराच्या फळ्यावरचा होता. ही बाई तो टाचण्यांसकट उपटून घेऊन आली होती. दहा वर्षं नोकरी झालेल्या कुठल्याही वाहकाला चालकाच्या परीक्षेला बसता येईल, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही, शिक्का, तारीख.

"वाचलं," मी म्हणालो.

"यात 'पुरुष' असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही."

"नीट बघ."

"इन्शिराह, ते लिहायचं कुणाला सुचलंच नसेल."

"न सुचलेलं नियमात धरत नाहीत," ती म्हणाली, आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेऊन तिनं तिथंच, ट्रामच्या पायरीवर बसून अर्ज लिहिला. पेन मला परत मिळालं नाही.

ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. अनफूशीच्या कोळीवाड्यातली पोर. बाप समुद्रकाठी जाळी विणायचा आणि आई त्याच्यावर ओरडायची. आवाज तिला आईचा मिळाला होता. पिवळ्या ट्रामवर सोळा वर्षं ती वाहक होती: खांद्याला चामड्याची तिकिटांची पिशवी, गळ्यात शिट्टी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळं तिला ठाऊक. तिची एक खोड मात्र चालकांना फार जाचायची. लांबून कुणी धावत येताना दिसलं की ही शिट्टी तोंडातून काढून ठेवायची, आणि तो माणूस चढेपर्यंत गाडी हलायची नाही. उस्ता सनद, तिच्या ट्रामचा चालक (ट्राम चालवणाऱ्याला आमच्याकडे मानानं उस्ता म्हणतात), पुढून खेकसायचा, "अगं, तो ट्रामसाठी नाही धावत, कुत्रा लागलाय त्याच्या मागं!" ती म्हणायची, "मग तर थांबलंच पाहिजे."

आणि ती ट्राम! त्या गाडीबद्दल मला बोलू द्या, कारण तिच्या पोटाखाली माझं निम्मं आयुष्य गेलंय. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान. डेन्मार्कच्या राजधानीत थोडी वर्षं चालली, मग तिकडच्या लोकांना ट्रामचा कंटाळा आला, आणि जहाजात चढून ती आमच्या इस्कंदरियाला, म्हणजे अलेक्झांड्रियाला, आली. दोन डबे, मधे भात्यासारखी घडी, वळणावर कमरेत वाकते. दारावरच्या पितळी पट्ट्यांवर त्यांच्या भाषेत काहीबाही लिहिलंय. कुणी सांगतं 'थुंकू नका', कुणी सांगतं 'पाय आवरा'. आम्ही दोन्ही पाळत नाही. तिचे सुटे भाग बनवणं कधीच बंद झालं. आता काही मोडलं की मी लेथवर घडवतो, आणि घडवता येत नाही ते दुसऱ्या मेलेल्या गाडीतून काढतो. तरी रोज पहाटे ती निघते आणि माणसांनी गच्च भरून फिरते.

इन्शिराहला ती चालवता येत होती. हे मी आज उघडपणे सांगतो, कारण मी निवृत्त झालोय. शुक्रवारी सकाळी आगार रिकामं असायचं. मी धुलाईच्या फलाटावरून गाडी आत न्यायच्या निमित्तानं तिला चालकाच्या स्टुलावर बसवायचो. पहिल्यांदा तिनं वेगाचा दांडा एकदम ओढला, गाडीनं अशी उचकी दिली की माझा चहा माझ्या छातीवर. ते उस्ता सनदनं पाहिलं. मला वाटलं आता हा बोंब मारणार. तो जवळ आला, पायरीवर चढला आणि म्हणाला, "एकेक खाच म्हणजे एकेक घास, बाई. चावून खा. नवऱ्याच्या घरी अशीच जेवतेस का?" त्या दिवसापासून दर शुक्रवारी तोही यायचा. टोमणे मारत मारत त्यानं तिला सगळं शिकवलं: कुठल्या वळणावर दांडा सोडायचा, ओल्या रुळावर वाळूचं पेडल कधी दाबायचं, रुळाला चिकटणारा चुंबकाचा ब्रेक फक्त जीव जायची वेळ आली तरच का वापरायचा.

घरी तिचा नवरा शहाता. अनफूशीच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधायचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या बहिणीनं येऊन तमाशा केला, "बाई ट्राम चालवणार? लोक काय म्हणतील?" शहाता रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "मी होड्या बांधतो. त्या कोण चालवतं ते मी कधी विचारलंय?" बहीण निघून गेली. इन्शिराहनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

परीक्षा घेणारे होते इंजिनिअर वगदी. उंच, सुकलेले, खिशात चार रंगांची पेनं. तेरा जणांची परीक्षा त्यांनी घेतली होती आणि अकरा जणांना नापास केलं होतं. एकाला तर थांब्यावर गाडी हातभर पुढं गेली म्हणून. इन्शिराहचा अर्ज पाहून ते एवढंच म्हणाले, "नियमात बसतं." आणि तारीख दिली, नोव्हेंबरच्या मध्यातली.

आता आमच्याकडे हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आहे, आणि नोव्हेंबरच्या मध्यात येतं ते मक्नसा, म्हणजे झाडू. नावाप्रमाणे झाडूनच नेतं. त्या वर्षी ते परीक्षेच्या दिवशीच सकाळी आलं. समुद्र कठड्यावरून उड्या मारून रस्त्यावर, पाऊस आडवा, वारा असा की छत्र्या उलट्या होऊन पळत होत्या. मी आगारात आलो तर इन्शिराह गाडीपाशी उभी, ओलीचिंब, आणि चेहरा लग्नाला निघालेल्या पोरीसारखा.

"आज नाही व्हायची परीक्षा," मी म्हणालो.

"होणार. ते आलेत बघ."

इंजिनिअर वगदी रबरी बूट घालून येत होते. "ट्राम काय फक्त उन्हात चालतात?" त्यांनी विचारलं. "फरगली, तुमची हत्यारं घ्या. तुम्हीही या." समोर 'परीक्षा' असा फलक लागला. नियम त्यांनी वाचून दाखवले: आगारातून निघायचं, मनशियाला जाऊन लब्बानवरून करमूसला पोचायचं. प्रत्येक थांब्यावर थांबायचं. दारं उघडायची नाहीत. प्रवासी घ्यायचे नाहीत.

"एकही नाही?" इन्शिराहनं विचारलं.

"एकही नाही."

बिस्मिल्ला म्हणून तिनं पहिली खाच टाकली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मला इतका अभिमान वाटला की मी हातातला पाना घट्ट धरला. पहिलं वळण, दांडा सुटला, कमरेतून गाडी वाकली, पुन्हा घास, पुन्हा घास. इंजिनिअर वगदी तिच्या मागं उभे राहून हिरव्या पेनानं काहीतरी टिपत होते. हिरवं चांगलं, की लाल चांगलं, ते मला माहीत नव्हतं.

महत्तत मिस्रच्या, म्हणजे मोठ्या रेल्वे स्टेशनच्या, थांब्यावर आम्ही पोचलो आणि मी म्हणालो, या सलाम! तिथं निदान दोनशे माणसं भिजत उभी होती. मायक्रोबस बंद, टॅक्स्या बंद, रस्त्यात पाणी. आमची पिवळी गाडी दिसताच सगळे धावले. गाडी नियमाप्रमाणे थांबली. दारं नियमाप्रमाणे बंद. लोक काचांवर थापा मारायला लागले. एक म्हातारी हज्जा, बगलेत टोपली, टोपलीत जिवंत बदक, पुढच्या काचेशी येऊन ओरडली, "काय गं, रिकामी गाडी घेऊन कुठं निघालीस? सासरी?"

इन्शिराहनं मागं वळून पाहिलं. इंजिनिअर वगदींनी मान हलवली: नाही.

तिनं समोर पाहिलं. मग दाराचा खटका दाबला गेला.

"हे काय केलंत?" साहेब ओरडले.

"हात लागला, साहेब. सोळा वर्षांची सवय आहे हाताला."

"बंद करा!"

"करते. आधी त्यांना तुम्ही बाहेर काढा."

तोवर साठ माणसं आत आली होती. साहेबांचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. डोक्यावर पावाची भली मोठी फळी घेतलेला एक पाववाला त्यांच्या पुढ्यात आला आणि त्या फळीखाली साहेब दिसेनासे झाले. गाडी निघाली तेव्हा ते पाववाल्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होते. लाल पेनानं.

"काय लिहिताय, साहेब?" पाववाल्यानं विचारलं.

"या बाईची परीक्षा चालू आहे."

झालं! ती बातमी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एका श्वासात गेली. आता गाडीत शंभर परीक्षक झाले. "हळू घेतलं वळण, लिहा." "माझा मेव्हणा चालवतो तेव्हा दात पडतात, हिला दहा मार्क द्या." "अगं, घंटी वाजव, तो गाढववाला बघ!" हज्जानं बदक मांडीवर घेतलं आणि जाहीर केलं, "मी चाळीस वर्षं या ट्रामनं जातेय. पोरगी चांगली आहे. पण रुमाल वाकडा बांधलाय." इन्शिराह मागं न बघता ओरडली, "उतरल्यावर सरळ करते, हज्जा!" सगळी गाडी हसली. खोटं कशाला सांगू, साहेबांच्या ओठाचा एक कोपराही हलला.

मनशियाला एक बाई नवऱ्याला धरून चढली. नवऱ्याचं नाव महरूस, वय पन्नाशीचं असेल, चेहरा मेणासारखा. लोकांनी जागा करून दिली. बाई इन्शिराहच्या मागं येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "करमूसच्या हॉस्पिटलला जायचंय. किडनी धुवायची असते यांची, आठवड्यातून तीनदा. शनिवारी वीज गेली म्हणून झालं नाही. आज चुकलं तर..."

"नाही चुकणार," इन्शिराह म्हणाली.

लब्बान संपून रस्ता रेल्वेच्या पुलाखाली उतरतो. तिथं रूळही खाली जातात आणि पलीकडं वर चढतात. पुलाच्या अलीकडं तिनं गाडी उभी केली आणि सगळे खिडक्यांकडं झुकले. खाली तळं झालं होतं. रस्त्याच्या कडेला चार मोटारी आणि एक मायक्रोबस इंजिनं मरून उभ्या होत्या. मायक्रोबसचा चालक टपावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता, जणू जत्रेलाच आलाय.

"मी बघतो," असं म्हणून मी उतरलो. रूळ मधोमध होते, तिथं पाणी रुळाच्या वर एक वीत आणि चार बोटं. मी परत आलो आणि सांगितलं. आमच्या गाडीच्या मोटारी दोन, एक पुढच्या चाकांपाशी, एक मागच्या. एक वीत पाण्यातच त्यांचं पोट भिजतं. भिजलेल्या मोटारीला वीज दिली की धूर, आणि मग ती गाडी माझ्यासाठीही मेली.

"परत फिरायचं," इंजिनिअर वगदी म्हणाले.

"कसं, साहेब?" इन्शिराह म्हणाली. "ही एकाच तोंडाची. हिला तोंड फिरवायचा वळसा पुढं करमूसला."

ते खरं होतं. फार तर शंभर पावलं मागं सरकली असती, मी मागून खूण करत राहिलो असतो तर. साहेबांनी खिडकीतून पाण्याकडं पाहिलं, मग महरूसकडं पाहिलं. त्याच्या बायकोनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. साहेबांनी पाववाल्याच्या पाठीवरून कागद उचलला.

"हा प्रश्न परीक्षेत नाही," ते म्हणाले. "पण मी विचारतो. तुम्ही काय कराल?"

इन्शिराहनं एक क्षणही घेतला नाही. मला वाटतं पुलाशी गाडी थांबवली तेव्हाच तिनं हे मनात चालवून पाहिलं होतं. "आधी रूळ चाचपून घेईन, पाण्याखाली दगड असेल तर गाडी रुळावरून उतरेल. धडधाकट माणसं उतरवीन. मग गाडी शंभर पावलं मागं. सहा खाचांपर्यंत वेग, आणि पाणी यायच्या आधी दांडा शून्यावर. वीज बंद. तिच्या अंगच्या जोरावर पलीकडं."

"आणि मधेच थांबली तर?"

"तर मी उतरून ढकलीन, साहेब. पण ती नाही थांबायची."

इंजिनिअर वगदींनी चारही पेनं खिशात ठेवली. "चला," ते म्हणाले.

आणि मग जे झालं ते मी अजून सांगतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. मी म्हणालो, रूळ चाचपायला माणसं हवीत. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पाववाल्यानं फळी हज्जाच्या शेजारी ठेवली आणि पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला. त्याच्यामागं विद्यार्थी, एक हमाल, कोर्टाचा काळा झगा घातलेला एक वकील, दोन नर्सा, मायक्रोबसचा चालकसुद्धा टपावरून उतरून आला. तीस-पस्तीस माणसं, दोन्ही रुळांवर दोन ओळी, एकमेकांच्या खांद्यावर हात, पायांनी चाचपत पाण्यातून निघाली. "दगड!" "काढ!" "इथं एक चप्पल!" "कुणाची?" "माझी नाही, माझ्या दोन्ही गेल्या!" वकिलानं पाण्यातून एक लोखंडी सळई उचलून डोक्यावर धरली आणि पुलाखाली असा आरडाओरडा झाला की जणू चषक जिंकलाय. ती सळई चाकाखाली आली असती तर आम्ही आडवे झालो असतो.

रूळ मोकळे झाले. ती सगळी माणसं पलीकडच्या चढावर जाऊन उभी राहिली. आत उरले महरूस, त्याची बायको, हज्जा, काही म्हातारी माणसं, पोरं घेतलेल्या बाया, साहेब आणि मी. मागच्या काचेतून मी खूण करत होतो, गाडी सरकत सरकत मागं आली. थांबली.

पाऊस समोरच्या काचेवर नुसता ओतत होता. आमच्या गाडीचा वायपर हातानं फिरवावा लागतो, आणि इन्शिराहचे दोन्ही हात गुंतलेले.

"साहेब, काच!" ती ओरडली.

इंजिनिअर वगदींनी क्षणभर इकडं तिकडं पाहिलं, आणखी कुणी साहेब आहे का म्हणून. मग त्यांनी वायपरची मूठ धरली आणि लागले फिरवायला.

एक खाच. दोन. तीन. गाडी गुरगुरली. चार. खिडक्या खडखडल्या, पितळी पट्ट्या थरथरल्या. पाच. "जोरात पुसा, साहेब!" "पुसतोय!" सहा! उतार लागला, पूल आमच्या अंगावर धावत आला, हज्जा मोठ्यानं दुआ म्हणायला लागली. आणि मला ऐकू आला दांड्याचा तो आवाज, खट, शून्यावर. मोटारींची गुरगुर एकदम गेली. नुसता वारा.

मग पाणी! दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठल्या, खिडक्यांच्याही वर. दारांच्या फटीतून पाणी आत आलं, पायऱ्यांवर खळखळलं. टोपलीतलं बदक उडी मारून पायरीवरच्या पाण्यात उतरलं आणि मजेत ओरडायला लागलं. गाडी पाणी कापत चालली, चालली, आणि हळू व्हायला लागली. पुलाचा अर्धा भाग गेला. आणखी हळू. चढाचं टोक समोर दिसत होतं, माणसं हात हलवत होती. "चल ग बाई," इन्शिराह दातांतून म्हणत होती, "चल माझी राणी, आता रुसू नकोस." पुढचा डबा पाण्याबाहेर आला. मागचा आत. चालत्या माणसाच्या वेगानं. मुंगीच्या वेगानं.

आणि थांबायलाच आली, तोच पलीकडून तिघे-चौघे ओरडत आले आणि त्यांच्यामागं सगळे. काही पुढून दांड्यांना लटकून ओढत होते, काही मागं पाण्यात शिरून खांदा लावत होते. वकिलाचा झगा पाण्यावर पसरला होता. "हेला हूप! हेला हूप!" ट्राम कुणी ढकलतं का कधी? आम्ही ढकलली. ती पाच हात पुढं गेली आणि चढावर अडली.

मी खाली उडी मारली. पुढची मोटार पाण्याबाहेर होती. मी पोटावर पडून झाकणाला हात लावला. मागच्या आठवड्यात मी त्याला नवं रबर बसवलं होतं, आणि आत कोरडं होतं, वल्लाही, कोरडं! मागची अजून पाण्यात. मी वर येऊन तिची वीज तोडणारा खटका पाडला.

"पुढची जिवंत!" मी ओरडलो. "मागची तोडली! एकाच मोटारीवर, इन्शिराह, हळू!"

"सगळे बाजूला!" तिच्या आईचा आवाज त्या दिवशी उपयोगी पडला. माणसं रुळांपासून लांब झाली. तिनं वाळूचं पेडल दाबलं, आणि पहिली खाच. चाक एकदा जागच्या जागी फिरलं. मग वाळू दातांखाली आल्यासारखा आवाज झाला आणि चाकानं रूळ पकडला. आमची पन्नास वर्षांची गाडी पाणी गाळत, कण्हत, एका मोटारीवर चढ चढली.

त्यानंतरचा आवाज मी कसा सांगू! लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पाववाला साहेबांना मिठी मारायला धावला आणि साहेबांनी मारू दिली. ज्यांची घरं अलीकडंच होती तेसुद्धा परत गाडीत चढले. करमूसपर्यंत सगळे टाळ्यांच्या ठेक्यावर गात होते. हॉस्पिटलच्या थांब्यावर दोन विद्यार्थ्यांनी महरूसला खुर्चीसारखं हातांवर उचलून नेलं. त्याच्या बायकोला काही बोलायचं होतं, पण तिला रडू आवरेना. तिनं इन्शिराहच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्यांच्यामागं पळाली. मशीन त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

गाडी रिकामी झाली तेव्हा इन्शिराहनं स्टुलावर बसल्या बसल्या रुमाल सरळ केला. "अम्म फरगली," ती म्हणाली, "मी नापास झाले ना?" आणि खो खो हसायला लागली.

चार दिवसांनी आगारात दोन पाकिटं आली. दोन्ही तिच्या नावाची, दोन्हींवर सही इंजिनिअर वगदींची. पहिलं तिनं उघडलं, ते होतं ताकीदपत्र: परीक्षेच्या गाडीत प्रवासी घेतले, दारं उघडली, वरिष्ठांना काच पुसायला लावली. पुन्हा असं घडल्यास कडक कारवाई. तिचा चेहरा उतरला. उस्ता सनद म्हणाला, "दुसरं फोड, बाई, का तेही मीच फोडू?" दुसऱ्यात एकच ओळ होती. उत्तीर्ण.

तिनं ते तीनदा वाचलं. मग माझ्याकडं दिलं, "मोठ्यानं वाच!" मी वाचलं तेव्हा अख्ख्या आगारात पाने आणि हातोडे लोखंडावर वाजले. उस्ता सनद कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरत होता. सर्दी झालीय म्हणाला.

तिची पहिली खरी फेरी पडली रमजानच्या आधीच्या आठवड्यात, ऊन स्वच्छ, गाडी भरलेली. मी मुद्दाम सुट्टी घेऊन पुढच्या बाकावर बसलो होतो, शेजारी शहाता, नवा सदरा घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. अत्तारीनला पोचलो तर रुळावर एक छोटी फियाट उभी, मालक बेपत्ता. इन्शिराहनं घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. समोरच्या दुकानदारानं हात वर करून सांगितलं, "तो दाढी करायला गेलाय!"

"मग फेस सुकू दे त्याचा," ती म्हणाली आणि गाडीत वळून ओरडली, "जवान कोण आहे?"

आठ जण उतरले. शहाताही उतरला, नवा सदरा कोपरापर्यंत गुंडाळत. चौघं पुढून, पाच जण मागून, एक, दोन, तीन, फियाट उचलली आणि अलगद पदपथावर ठेवली, आरशाला ओरखडासुद्धा नाही. सलूनच्या दारात गालाला साबण लावलेला एक माणूस तोंड उघडं टाकून बघत उभा राहिला. सगळे परत चढले. शहाता पुढच्या पायरीवर थांबून धापा टाकत म्हणाला, "उस्ता, चला आता, उशीर होतोय."

इन्शिराहनं घंटी दाबली, लांब, दोनदा, आणि पहिली खाच टाकली.